फेरी पुन्हा पहिल्यापासून

परभणी-हिंगोलीकडची पोरंपोरी पायलट व्हायचं म्हणून फोन करतात, तेव्हा पहिला प्रश्न खर्चाचा असतो आणि दुसरा मेडिकलचा. बारावीला फिजिक्स-मॅथ्स हवं, फी भरण्याआधी मेडिकल करून घ्या, डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या, पेपरांना ७० टक्के लागतात, कमर्शियल लायसन्सला २०० तासांचं उड्डाण. इंग्रजीची धास्ती घेऊ नका, ती सरावाने जाते. उड्डाणाआधी विमानाभोवती मारायच्या फेरीबद्दल मात्र कुणी विचारत नाही. म्हणून हे लिहितेय.

माझं सोलो, म्हणजे एकटीने विमान उडवणं, नुकतंच सुरू झालं होतं. विमान छोटं, सेस्ना १७२. शेपूट, उजवा पंख, इंजिनाचं ऑइल, सगळं यादीप्रमाणे झालं. डाव्या पंखाखालून पेट्रोल काढून उजेडात धरलं: निळं, तळाला पाण्याचा थेंब नाही. तेवढ्यात आईचा फोन आला. जिंतूरला पाऊस झाला, पेरणी सुरू केली म्हणत होती. दोन मिनिटं बोलले आणि सरळ विमानात जाऊन बसले. डावा पंख झाला, असं मनाने धरूनच टाकलं होतं.

रनवेवर थ्रॉटल पूर्ण दिला. बाजूचं गवत मागे पळतंय आणि वेगाचा काटा शून्यावर. थ्रॉटल मागे ओढला, ब्रेक दाबले. परत आल्यावर पाहिलं तर डाव्या पंखाखालच्या पिटो ट्यूबवर कव्हर तसंच होतं, त्याची लाल फीत वाऱ्याने गुंडाळून वर चिकटलेली. सरांनी आवाज चढवला नाही. कव्हर माझ्या हातात दिलं आणि त्या दिवशीचं उड्डाण रद्द केलं.

पिटो ट्यूब समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेते, त्यावरून वेग कळतो. तोंड बुजलं की काटा खोटं बोलतो. आमच्या पेरणीच्या तिफणीचंही तसंच. बी जमिनीत सोडणाऱ्या नळ्यात चिखल बसला तरी बैल चालत राहतात, आईची बियाण्याची मूठ चाड्यावर सुटत राहते, आणि पेरणीची एक ओळ कोरीच जाते. कळतं ते उगवण झाल्यावर. म्हणून आण्णा प्रत्येक वळणावर तिफण उचलून नळे बघायचे. माझ्या डोळ्यांसमोरचं होतं हे, तरी मी चुकले.

एअरलाइनमध्ये इतकी माणसं असतात, तिथे असं होत नाही, असं समजू नका. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला कुंभारीण माशा पिटो ट्यूबमध्ये मातीची घरं करतात, म्हणून थांबलेल्या विमानाला कव्हरं घालतात. १८ जुलै २०१८ च्या रात्री तिथून एक एअरबस ए३३० तिन्ही कव्हरांसकट उडालं. फेरी झाली होती, तरीही. सुदैवाने ते सुखरूप उतरलं. १४ ऑगस्ट २००५ ला हेलिओस एअरवेजच्या बोइंग ७३७ चं नशीब तसं नव्हतं. रात्रीच्या तपासणीनंतर केबिनच्या हवेच्या दाबाचा स्विच मॅन्युअलवर राहिला, म्हणजे वर गेल्यावर आत दाब आपोआप राखला जाईना, वैमानिकांच्या नजरेतून तो तीनदा सुटला, आणि १२१ माणसं गेली.

तेव्हा फेरीच्या वेळी फोन बॅगेत ठेवा. नुसतं बघू नका, हात लावा. काढलेली कव्हरं मोजून घ्या. कुणी मध्ये हाक मारली, मग ते इंधनवाले असोत की इंजिनिअर, तर सोडलेल्या जागेपासून पुढे जाऊ नका. फेरी पहिल्यापासून करा. मी आजही तशीच करते, पावसात भिजत असले तरी. पाच मिनिटं जास्त लागली तर कॅप्टनला सांगते, 'मध्ये बोलावलं होतं, पुन्हा पाहून आले.' आजवर एकही कॅप्टन त्यावर रागावलेला नाही.