डॉग स्लेड चालवताना या चुका टाळा (आणि कुत्र्यांवर ओरडू नका)

डॉग स्लेड म्हणजे कुत्र्यांनी ओढायची बर्फावरची घसरगाडी. बैलगाडीला निदान कासरा तरी असतो, इथे तोही नाही. अलास्कात डझनभर कुत्री जुंपलेली स्लेड नुसत्या तोंडाने वळवायची, 'जी' म्हटलं की उजवीकडे, 'हॉ' म्हटलं की डावीकडे, आणि ते ऐकतात फक्त पुढचे एक-दोन लीड डॉग. त्यामुळे गडबड झाली की आधी मागे रनरवर (स्लेडखालच्या घसरपट्ट्यांवर) उभ्या असलेल्या मशरकडे, म्हणजे स्लेड हाकणाऱ्याकडे, म्हणजेच स्वतःकडे बघा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हँडलबार सोडणं. स्लेड उलटली, फरफटत गेलात तरी सोडायचं नाही, कारण कुत्र्यांना ओझं हलकं झालं एवढंच कळतं, ती सुसाट निघतात आणि तुम्ही उणे 30 मध्ये पायी, स्लीपिंग बॅग, कुकर सगळं पुढे गेलेलं. थांबताना स्नो हुक, म्हणजे स्लेड अडकवून ठेवायचा आकडा, भुसभुशीत बर्फात नुसता टाकू नका, बुटाने दाबून रोवा, झाड असेल तर दोरही बांधा.

उतारावर वेगाची हौस नको. दोर ढिला पडला की पाय अडकतात, स्लेड व्हील डॉगवर, म्हणजे तिच्या अगदी पुढ्यातल्या कुत्र्यांवर आदळते, म्हणून ब्रेकवर पाय ठेवून दोर ताणलेलाच ठेवायचा.

एखाद्याचीच टगलाइन, म्हणजे ओढायची दोरी, लोंबतेय? लगेच 'आळशी' म्हणू नका. थांबा, हातमोजा काढून मनगट, खांदा चाचपा, मग बूटी, म्हणजे पंजाचा कापडी मोजा बघा. वेल्क्रो आवळला तर पंजा सुजतो, सैल ठेवला तर बूटी कुठेतरी पडते, आणि भोक पडलेल्या बूटीत बर्फ शिरून बोटांत गोळे होतात. अलास्कातल्या इडिटरोड या डॉग स्लेड शर्यतीत प्रत्येक कुत्र्यामागे 8 बूटी लागतात त्या उगाच नाही. आणि पाणी पीत नाहीत म्हणून वैतागू नका, थंडीत नुसतं पाणी त्यांना नको असतं, त्यात मासा किंवा मांस टाका, मग बघा कसे लपालपा पितात.

आता ओरडण्याचं. इडिटरोड म्हणजे अँकरेज ते नोम, सुमारे 1600 किमी. 2019 मध्ये निकोलस पेटी हे मशर चांगल्या आघाडीवर होते, वाटेतल्या शाकटूलिक गावाच्या पुढे एक कुत्रा दुसऱ्याला त्रास देत होता म्हणून ते त्याच्यावर ओरडले, पण ऐकलं सगळ्यांनी, आणि अख्खी टीम बसली ती बसलीच. पाय ठीक होते, मन उडालं होतं. मागचे पुढे निघून गेले, पीट कायझर जिंकले आणि पेटींना शर्यत सोडावी लागली. असं झालं तर ढकलाढकली नको, खायला द्या, झोपू द्या, मग लीडर बदलून बघा.

हो, आणि नियम वाचून जा. 2024 च्या इडिटरोडमध्ये टीमवर आलेल्या मूसला (एक मोठं हरीण) मशर डॅलस सीव्हींनी गोळी घातली, ते चालतं, पण मांस वाया जाऊ नये म्हणून त्याची आतडी नीट काढायची असतात, ते अर्धवट झालं म्हणून 2 तासांचा दंड बसला. तरी शर्यत तेच जिंकले, सहाव्यांदा.