जुनी पिकअप मिसिंग मारतेय? पाना उचलण्याआधीची तयारी

पाने, सॉकेट, टॉर्च, फडकी यांचं नंतर बघू. आधी वही-पेन घ्या. जुनी पेट्रोल पिकअप मिसिंग मारायला, म्हणजे इंजिन अडखळायला लागलं की हात थेट प्लगकडे जातो, आणि काम सुरक्षित व्हावं म्हणून आपण बॅटरीची तार सोडवतो. घोळ तिथेच होतो. बहुतेक जुन्या गाड्यांत बॅटरी सुटली की इंजिनच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड पुसले जातात आणि त्यांच्यासोबत फ्रीझ फ्रेमही जाते. मागच्या खेपेला मी ती उतरवून घेतली नव्हती; मग अंदाजाने पार्ट बदलत बसलो. त्यामुळे स्कॅनर लावा, कोड लिहा, फ्रीझ फ्रेम लिहा. अक्षराचा कंटाळा असेल तर फोटो काढा, पण काढा.

फ्रीझ फ्रेम म्हणजे कोड पडला त्या क्षणी इंजिन काय करत होतं त्याची नोंद: आरपीएम, लोड, गाडीचा वेग, कूलंटचं तापमान, फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय किंवा घटवतोय). कूलंट थंड आणि आरपीएम कमी, तर शोध एका दिशेला जातो. गरम इंजिन, चढ आणि भरपूर लोड, तर दुसऱ्या. ही नोंद नसेल तर मिसिंग पुन्हा कधी येईल याची वाट बघत बसावं लागतं, आणि मेकॅनिकसमोर गाडी नेमकी सरळ चालते. अमेरिकेत १९९६ पासून हलक्या ट्रकनाही ओबीडी-२ (असे कोड आणि नोंदी ठेवणारी ठरावीक पद्धत) बंधनकारक झालं. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत फ्रीझ फ्रेम मिळणार नाही. मग ती नोंद स्वतः ठेवा: थंडीत की गरम झाल्यावर, स्लोवर (गाडी उभी, इंजिन चालू) की चढावर, पाऊस पडल्यावर वाढतं का.

कोडमध्ये पी०३०० दिसला तर मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) एकाच सिलिंडरपुरता मर्यादित नाही. पी०३०१ ते पी०३०८ असेल तर शेवटचा आकडा सिलिंडरचा. पण तो सिलिंडर कुठे आहे हे आधी माहीत करून घ्या. फोर्डच्या व्ही-८ मध्ये एका बाजूला पुढून मागे १-२-३-४ आणि दुसऱ्या बाजूला ५-६-७-८. शेव्रोलेच्या स्मॉल ब्लॉकमध्ये एका बाजूला १-३-५-७, दुसरीकडे २-४-६-८. म्हणजे पी०३०५ वाचून दोन गाड्यांत दोन वेगळ्या जागी हात घालायचा असतो. तुमच्या इंजिनाची मांडणी आणि फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) मॅन्युअलमधून त्याच वहीत उतरवा.

चेक इंजिनची लाइट उघडझाप करत असेल तर गाडी उभी करा. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं, आणि कन्व्हर्टर प्लगच्या किमतीत येत नाही. ‘हळूहळू नेतो घरापर्यंत’ म्हणू नका.

बॉनेट उघडल्यावर काहीही न सोडवता नुसतं बघा. उंदरांनी कुरतडलेली वायर, निघालेली व्हॅक्यूमची नळी, चिरलेला रबराचा बेंड. जुन्या गाडीत रबर बाहेरून ठीक दिसतं आणि वाकवलं की भेगा उघडतात. इथे फ्युएल ट्रिम फार कामाला येतो. स्लोवर ट्रिम बराच प्लसमध्ये आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल तर कुठून तरी फुकटची हवा आत जातेय. उलट लोडबरोबर ट्रिम वाढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय: फिल्टर, पंप, प्रेशर. कोड पुसलेत की लाँग टर्म ट्रिमही शून्यावर येतो आणि गाडीने इतके दिवस शिकलेलं सगळं जातं. लिहून घेतलंत ना? नसेल तर आत्ता थांबा आणि लिहा. हवेची गळती शोधायला लोक तापलेल्या इंजिनावर कार्ब क्लीनर मारतात. तो पेट घेतो. निदान आग विझवायचं सिलिंडर हाताशी असू द्या.

आता इग्निशन. अंधारात इंजिन चालू ठेवून वायरांवर पाण्याचा बारीक फवारा मारा, ठिणग्या उड्या मारताना दिसल्या तर वायर गेली. पंख्यापासून आणि वायरांपासून हात लांब. चालू इंजिनावर प्लगची वायर उपसून ‘कुठला सिलिंडर मेला’ बघायची जुनी सवय सोडा. झटका बसतो आणि ठिणगीचा करंट देणारी कॉइलही जाऊ शकते. डिस्ट्रिब्युटर (ठिणगी प्रत्येक सिलिंडरला वाटणारा) असेल तर कॅप काढून आतून बघा: पांढरी-हिरवी बुरशी, केसासारखी चीर, काळी रेघ. वायरा एकेक करूनच काढा आणि चिकटपट्टीवर नंबर लिहा. सगळ्या एकदम उपसल्या तर फायरिंग ऑर्डर लावत बसाल. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल तर काम सोपं: संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावा. मिसफायर कॉइलबरोबर सरकला तर कॉइल दोषी, जागेवर राहिला तर प्लग, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). सरकला हे कळायला आधी तो कुठे होता हे वहीत हवं. हो, पुन्हा तेच.

प्लग थंड इंजिनावर काढा, विशेषतः ॲल्युमिनियमच्या हेडमधून. गरम असताना आटे सुटतात. काढण्याआधी खड्ड्यातली धूळ हवेने उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. निघालेले प्लग क्रमाने मांडा, ढीग करू नका. पेट्रोलने ओला, ऑइलने काळा-चिकट, पांढरा भाजलेला, चिनी मातीवर काळी रेघ असलेला, प्रत्येकाचं कारण वेगळं. नवीन प्लगचा गॅप फीलर गेजने तपासा, ‘डब्यातून सेट करून येतात’ यावर विसंबू नका. टॉर्क मॅन्युअलप्रमाणे.

इंजेक्टर: लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून टिकटिक ऐका, मल्टिमीटरने सगळ्यांचा रेझिस्टन्स मोजा, जो वेगळा तो संशयित.

कॉम्प्रेशन शेवटी. बॅटरी पूर्ण चार्ज, सगळे प्लग बाहेर, पेट्रोल पंप आणि इग्निशन बंद, एक्सलेटर पूर्ण दाबलेला. तो दाबायला विसरलात तर सगळे आकडे खोटे कमी येतात. पंपाचा फ्यूज काढताना चुकून कॉम्प्युटरचा काढू नका. कोड तिथेही जातात. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या निदान ७५ टक्के हवा. कमी आला तर चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा: वाढला तर रिंगा, नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन्ही कमी असतील तर बहुधा मधलं हेड गॅस्केट.

जोडा, कोड पुसा, फ्रीझ फ्रेममधल्या आरपीएम आणि लोडवर गाडी चालवा. एका फेरीत लाइट आली नाही म्हणून खूश होऊ नका; बऱ्याचदा कोड आधी पेंडिंगमध्ये (अजून पक्का न झालेल्या कोडांत) बसतो आणि लाइट पुढच्या फेरीला लागते, म्हणून पेंडिंग बघा. आणि डिपस्टिक काढून वास घ्या: पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल-फिल्टर बदला.