‘मिक्स’ कुत्रं घरात कसं रुळवावं

नेरुळला आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये आठवड्यातून दोनदा तरी मला एकच प्रश्न येतो. "कुठली जात?" मी म्हणते, "मिक्स." समोरचा मग माझ्या कुत्रीकडे, टिकलीकडे, पुन्हा एकदा निरखून बघतो. "हो, पण कशाचं मिक्स?" आई लॅब्रॅडॉर आणि बाप सेक्टरातला कुणीतरी, एवढंच मला ठाऊक आहे. तिच्या भावंडांचा बापही तोच असेल असं नाही, कारण कुत्र्यांत एका वेतातल्या पिल्लांचे बाप दोन असू शकतात.

लोक हा प्रश्न विचारतात तो जातीवरून स्वभाव कळेल या आशेने. लॅब म्हणजे गरीब, जर्मन शेफर्ड म्हणजे राखणदार, गावठी म्हणजे सावध. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या कुत्र्यांचा एक मोठा अभ्यास छापून आला. १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांनी त्यात प्रश्नावल्या भरल्या होत्या आणि दोन हजारांहून जास्त कुत्र्यांची जनुकीय तपासणी झाली होती. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं असतं, त्या फरकातला जेमतेम ९ टक्के भाग जातीवरून सांगता येतो, असं त्यातून निघालं. सांगितलेलं ऐकण्यात जातीचा हात थोडा जास्त दिसला. कुत्रं चटकन बिथरेल की नाही, याबद्दल जात जवळपास काहीच सांगत नव्हती. जातिवंत कुत्र्यांची ही गत, तर मिक्सच्या बाबतीत अंदाज बांधत बसण्यात काय हशील? समोरचं कुत्रं वाचायला शिकावं लागतं. ते असं.

निवडताना

पिल्लू ८ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यासाठी २०१७ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांतही त्याहून लहान पिल्लू विकायला मनाई आहे. तरी ‘तीस दिवसांचं आहे, आत्ताच लळा लागेल’ म्हणून गळ्यात मारणारे भेटतात. चावा किती जोरात घ्यायचा नाही, हे पिल्लू भावंडांकडून शिकतं. ती शाळा बुडाली की पुढे तुमच्या मुलांचे हात सोलवटतात.

बघायला जाल तेव्हा उभं राहून वाकू नका, थोडं कुशीवर वळून जमिनीवर बसा. कोण आपणहून येतं, कोण लांबूनच वास घेतं, कोण कोपरा सोडत नाही? मग किल्ल्यांचा जुडगा दोन हातांवर खाली टाका. पिल्लू दचकणारच. दचकल्यावर किती वेळात परत येतं, ते बघायचं. टिकली खाटेखाली पळाली, मिनिटभराने नाक बाहेर काढलं आणि मग जुडगा तोंडात धरून घेऊनच गेली. एवढ्यावर आम्ही तिला आणलं. शेवटी पंजे, कान, तोंड हाताळून बघा. आई तिथे असेल तर तिच्याजवळही पाच मिनिटं बसा.

घरात दोघंही नोकरीला असतील किंवा वयस्कर माणसं एकटी असतील, तर माझं मत विचाराल तर पिल्लू नकोच, दीड-दोन वर्षांचं कुत्रं दत्तक घ्या. स्वभाव तयार झालेला असतो, शू-शीचं भान बरंचसं आलेलं असतं. फक्त पहिले दोन-तीन आठवडे ते दबून असतं, त्या शांतपणावर जाऊ नका.

पहिले तीन महिने

लसींचं वेळापत्रक डॉक्टर देतील. ढोबळ हिशोब असा: सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिली एकत्रित लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, सोळाव्या आठवड्यापर्यंत. रेबीजची तिसऱ्या महिन्यात. त्यानंतर दरवर्षी कार्ड घेऊन जायचं. जंताचं औषध लहानपणी दर पंधरा दिवसांनी असतं, मोठेपणी साधारण तीन महिन्यांनी.

इथे एक पेच येतो. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर सोडायचं नाही, कारण पार्व्हो या उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. आणि नेमके तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याच्या दरम्यानच पिल्लू जगाची ओळख करून घेतं. त्या दिवसांत जे बघितलं नाही त्याला पुढे घाबरतं. मग करायचं काय? उचलून न्यायचं. टिकलीला आम्ही शबनम पिशवीत बसवून सीवूड्स स्टेशनच्या जिन्यावर नेलं, मासळी बाजाराच्या बाहेर नेलं, शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी उभं राहिलो. रोज दहा मिनिटं, जमिनीला पाय न लावता.

शू-शीसाठी एकच नियम: झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्या. जितक्या महिन्यांचं पिल्लू, त्यात एक मिळवा; साधारण तितके तास ते कळ काढू शकतं. घरात झालं तर नाक घासू नका. त्यातून ते एवढंच शिकतं की तुमच्यासमोर करायचं नाही, मग सोफ्यामागे करतं.

लिफ्ट

याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण नवव्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला हे जमलं नाही तर बाकी सगळं फुकट आहे.

चार महिन्यांची झाल्यावर टिकलीने लिफ्टसमोर चारही पाय रोवले. तिच्या बाजूने बघा: फरशी हलते, भिंत आपोआप सरकते आणि एवढ्याशा डब्यात अनोळखी माणसं अंगावर येतात. पहिल्या दिवशी मी तिला ओढलं. दुसऱ्या दिवशी ती घराच्या दारातूनच बाहेर येईना. चूक माझी होती.

मग आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. वेळ दुपारी तीनची, म्हणजे लिफ्टला गर्दी नाही. दोन दिवस तिचं जेवण लिफ्टपासून पाच-सहा हातांवर ठेवलं. मग मुलाने आतून बटण दाबून दार उघडं धरलं आणि मी उंबऱ्यावर उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे टाकले. तिने मान लांब करून तुकडा उचलला आणि मागे पळाली. पळू दिलं. पुढच्या दिवशी पुढचे दोन पाय आत. मग चारही, पण दार उघडंच. मग दार मिटलं आणि लगेच उघडलं, लिफ्ट जागेवरच. मग एक मजला. अकराव्या दिवशी आम्ही खाली पोचलो तेव्हा वॉचमनकाकांनी टाळ्या वाजवल्या आणि ती परत घाबरली, ते सोडा.

यातली गोम ही, की ज्या पायरीवर कुत्रं खाऊ नाकारतं, तिथे भीती भुकेवर मात करते आहे. एक पायरी मागे या. कुकरची शिट्टी, रिक्षा, गणपतीतला ढोल या सगळ्यांना हीच रीत लागू पडते. ढोलाचा आवाज आधी मोबाईलवर, अगदी बारीक. दिवाळीसाठी मात्र इतकी तयारी पुरत नाही. फिरणं अंधार पडायच्या आत उरका, खिडक्या लावून पंखा चालू ठेवा, गळ्यात फोन नंबरचा बिल्ला असू द्या. फारच थरथरत असेल तर औषधाबद्दल डॉक्टरांना दोन आठवडे आधी विचारा.

ताटातलं आणि ताटाबाहेरचं

पोळी-दूध हे कुत्र्याचं पूर्ण जेवण नव्हे. पोळीत पुरेसं प्रथिन नाही आणि मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दूध पचत नाही. जुलाब होतात आणि आपण म्हणतो बाहेरचं काही खाल्लं असेल. भात, उकडलेलं चिकन किंवा अंडं, लाल भोपळा, थोडं दही असं घरचं देता येतं, पण ते वर्षानुवर्षं द्यायचं तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. नाहीतर तयार खाद्य बरं.

आपल्या स्वयंपाकघरातला खरा धोका वाटणात आहे. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, त्यामुळे रस्सा-भात बंद. दुसरा धोका सत्यनारायणाच्या शिऱ्यातला: बेदाण्यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. आमच्याकडे आता पूजेला टिकलीची वाटी बेदाणे घालायच्या आधी काढली जाते, सासूबाईंच्या भाषेत ‘तिचा नैवेद्य’. चॉकलेट नाही. शिजवलेलं हाड नाही, ते फुटून टोकदार होतं. आणि ताप वाटला म्हणून आपल्या डब्यातली गोळी तर मुळीच नाही.

लॅबचं रक्त असेल तर भुकेवर विश्वास ठेवू नका. लॅब्रॅडॉरपैकी जवळपास चौथ्या हिश्शात पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या एका जनुकात बिघाड आढळला आहे, त्यामुळे ‘बिचारी उपाशी आहे’ असा चेहरा ही कुत्री जेवल्यावर लगेच करू शकतात. बरगड्यांवरून हात फिरवा. उघड्या हाताच्या पालथ्या बाजूसारखं, म्हणजे हाडं दिसत नाहीत पण बोटांना लागतात, असं असलं तर ठीक. तळव्यासारखं मऊ लागलं तर वाढणाऱ्याला शोधा.

पावसाळा

पहिल्या जुलैत टिकली दोन दिवस जेवली नाही. मला वाटलं, पावसामुळे बाहेर जाता येत नाही म्हणून रुसली. तिसऱ्या दिवशी ओठ उलटून बघितला तर हिरड्या पिठासारख्या पांढुरक्या. गोचीडताप. रक्त तपासलं, महिनाभर औषधं चालली, वाचली. म्हणून सांगते: सुस्ती, ताप, फिक्या हिरड्या, नाकातून रक्त किंवा चहासारखी लघवी, यातलं काहीही दिसलं तर उद्यावर ढकलू नका.

रोज फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्या, कानाच्या आतली घडी, काखा आणि पट्ट्याखालची जागा चाचपा. गोचीड सापडली तर चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढा. पिळू नका, रॉकेल नको, काडीचा चटका नको. काढलेली गोचीड स्पिरिटमध्ये टाका. ही जमात भिंतीच्या फटींत आणि पडद्यांमागे अंडी घालते, तेव्हा फक्त कुत्रं धुऊन भागत नाही, घरही बघावं लागतं. गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध वजनावर ठरतं, शेजारच्यांच्या कुत्र्याचं वापरू नका.

साचलेल्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा रोग, येतो. त्याची लस दरवर्षी घ्यायची आणि डबक्यात तोंड घालू द्यायचं नाही. पाय पुसताना बेचक्या कोरड्या करा. लोंबत्या कानांचं मिक्स असेल तर कानांना वास येतो का, तेही बघा. स्पिट्झचं किंवा शेफर्डचं रक्त असलेल्या दाट केसांच्या कुत्र्याला गरम होतं म्हणून भादरू नका. तो थर ऊनही अडवतो. उन्हाळ्यात रस्त्यावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवून बघा. टेकवत नसेल तर पंजेही टेकवायचे नाहीत.

ठाण्यात येऊरच्या पायथ्याला राहणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा शेजार आहे आणि कुत्री हे तिथल्या बिबट्यांचं नेहमीचं खाद्य आहे. अंधार पडल्यावर कुत्रं पट्ट्याशिवाय सोडू नका, अंगणात बांधून तर ठेवूच नका.

मुलं, पाहुणे आणि सोसायटी

मुलांना दोनच नियम पाठ करायला लावा: जेवताना हात लावायचा नाही, झोपलेलं उठवायचं नाही. मोठ्यांनी खुणा शिकाव्यात. कुत्रं उगाच ओठ चाटतंय, जांभया देतंय, मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतंय, अंग ताठ झालंय, म्हणजे त्याला पुरे झालंय. गुरगुरल्याबद्दल मारू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. ती मारून बंद केली की पुढे कुत्रं न सांगता चावतं. चावलंच तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि कुत्र्याला लस दिलेली असली तरी दवाखाना गाठा.

सोसायटी कुत्रं पाळायला बंदी करू शकत नाही, लिफ्ट वापरू नका असंही सांगू शकत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना तशा आहेत. त्या छापून जवळ ठेवा, पण भांडायला नंतर. आधी शी उचलायची पिशवी हातात दिसू द्या. लिफ्टमध्ये कुणी घाबरत असेल तर ‘काही करत नाही ती’ असं न म्हणता पुढची लिफ्ट घ्या. महापालिकेचा परवाना काढा. खारघर-कामोठ्याकडचे असाल तर तुमची महापालिका पनवेल आहे, नवी मुंबई नव्हे. लोक हमखास चुकीच्या कचेरीत जातात.

एकटं राहायला शिकवणं

हे पहिल्या आठवड्यातच सुरू करा. चप्पल घाला, किल्ल्या उचला आणि परत खुर्चीत बसा. दिवसातून दहादा. मग दाराबाहेर अर्धं मिनिट, मग दोन, मग दहा. ती भुंकायच्या आत परत यायचं. जाताना निरोप नाही, आल्यावर सोहळा नाही. रबरी खेळण्यात दही-भात भरून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला की चाटून संपवायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेवढीच सुरुवातीची अवघड असतात.

आम्हाला यात सहा आठवडे लागले. आता मी सकाळी पर्स खांद्याला लावते तेव्हा टिकली आधी फ्रीजकडे बघते, मग माझ्याकडे.