कुठल्या पाल्याचं पाणी फेकायचं, कुठल्याचं नाही

पाला हाती आला की आधी ठरवा, यात ऑक्झलेट (ऑक्झॅलिक आम्लाचा क्षार) जास्त आहे का. पालक, राजगिरा, घोळ, अळू या भाज्यांत ते भरपूर असतं आणि भाजीतलं कॅल्शियम धरून ठेवतं. पाव किलो पालक लिटरभर उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवा आणि पाणी ओतून टाका. विरघळणारं ऑक्झलेट बरंच जातं. थोडं क जीवनसत्त्वही जातं, त्याला इलाज नाही. सोबत दही घ्या, त्यातलं कॅल्शियम उरलेलं ऑक्झलेट आतड्यातच बांधतं. हिरवा रंग टिकावा म्हणून सोडा टाकू नका, क आणि ब-1 दोन्ही नासतात.

अळूचं गणित वेगळं. त्यातले सुईसारखे स्फटिक पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून नुसतं उकळून घसा खवखवायचा थांबत नाही. हाताला तेल लावून चिरा, चिंच घाला आणि कुकरमध्ये नीट गाळ शिजवा. फतफत्यात आंबट चुका चवीला छान, पण त्याचा आंबटपणाच मुळी ऑक्झॅलिक आम्लाचा. मुतखडा बहुतेकदा ऑक्झलेटचाच असतो, म्हणून तो असलेल्यांनी चिंचच वापरावी. खरं तर अळूही जपूनच.

शेवग्याच्या पाल्याचं पाणी मात्र फेकू नका. 100 ग्रॅम पानांत सुमारे 300 मिलिग्रॅम कॅल्शियम, शिवाय क्वेरसेटिन हे अँटिऑक्सिडंट आणि ज्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व बनतं ते बीटा कॅरोटीन भरपूर. देठ काढा, पाण्यात तीनदा बुडवून धुवा. दोन चमचे तेलावर लसूण, पाव वाटी भिजवलेली मूगडाळ. डाळ बोटचेपी झाली की दोन वाट्या पाला घालून पाच मिनिटं झाका. तेल नसेल तर कॅरोटीन फारसं अंगी लागत नाही. लिंबू आच बंद केल्यावर पिळा, त्याने लोह शोषलं जातं. जेवल्यावर लगेच चहा घेतलात तर त्यातलं टॅनिन लोहाचं शोषण अडवतं. पाला वाळवायचा तर सावलीत. उन्हात कॅरोटीन उडतं.

पावसाळ्यात स्टेशनाबाहेर टाकळा मिळतो. एका पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या आणि टोकं गोलसर, तोच टाकळा. टोकदार पर्णिकांचा कासविंदा असू शकतो, तो नको. टाकळ्याचेही कोवळे शेंडेच घ्या. त्यातली अँथ्राक्विनोन्स नावाची द्रव्यं रेचक असतात, पहिल्यांदा खाताना अर्धी वाटी पुरे.

रुळांलगत नाल्याच्या पाण्यावर वाढलेला पाला घेऊच नका. मुळांनी शोषलेलं शिसं मिठाच्या पाण्याने धुऊन निघत नाही. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल तर पालेभाजीचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा आणि रोज तेवढंच ठेवा. के जीवनसत्त्व एकदम वाढलं की गोळीचा परिणाम उतरतो.