नवतपा यायच्या आधी अंगणातल्या पॉन्डला यूव्ही लावायचाय? मग हे जमवून ठेवा

२५ मेला नवतपा लागतो आणि आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास फिरत असतो, तेव्हा पॉन्डचं पाणी कालवलेल्या मेहंदीसारखं हिरवं झालं की मग धावपळ करण्यात अर्थ नाही, सगळं मार्चमध्येच जमवा. आणि दुकानात जाऊन आधी यूव्ही, म्हणजे हिरवं पाणी निवळवणारा अतिनील प्रकाशाचा लॅम्प, उचलू नका, तो सगळ्यात शेवटी.

आधी टेप घ्या न पॉन्ड मोजा. लांबी, रुंदी, खोली मीटरमध्ये, गुणाकार करून हजारने गुणा, म्हणजे २ बाय दीड, खोली ६० सेंटीमीटर, तर झाले १८०० लिटर. मग पंपाचा फ्लो. डब्यावर लिहिलेला आकडा सोडा, पाईप वर चढला, वळला की फ्लो कमीच होतो. पाईपच्या टोकाशी २० लिटरची बादली धरा, मोबाईलवर वेळ लावा, ६० सेकंदात भरली तर तासाला १२०० लिटर. सगळं पाणी साधारण दोन तासांत एकदा फिरलं पाहिजे, म्हणजे एवढ्या पॉन्डला हा पंप पुरतो. हा आकडा कागदावर लिहूनच दुकानात जा कारण यूव्हीच्या बॉक्सवर किती फ्लोपर्यंत चालतो ते दिलेलं असतं, पाणी त्याहून जोरात गेलं तर शेवाळाला डोसच बसत नाही. एवढ्या पाण्याला ९ किंवा ११ वॉटचा सहसा भागतो. ११ वॉट चोवीस तास चालला तरी महिन्याला ८ युनिट, बिलाची काळजी नको. माशांच्या रोगजंतूंसाठी पाहिजे असेल तर मात्र फ्लो बराच हळू लागतो, तो वेगळा हिशोब.

यूव्हीकडून अपेक्षा काय ठेवायची ते पण आत्ताच ठरवा. २५४ नॅनोमीटरचा प्रकाश पाण्यात तरंगणाऱ्या बारीक शेवाळाचा डीएनए बिघडवतो, ते वाढत नाही, गोळा होतं न फिल्टरमध्ये अडकतं. म्हणजे फिल्टर नसेल तर यूव्हीचे पैसे वाया. भिंतीला चिकटलेलं, केसांसारखं लोंबणारं शेवाळ त्याच्यासमोरून जातच नाही, ते हातानेच काढा, आणि डासांच्या अळ्यांसाठी गप्पी मासेच बरे. खरं सांगू का, वर सावलीसाठी ग्रीन नेट बांधली तर अर्धं काम तिथंच होतं, पण लोकांना मशीनच पाहिजे असते.

जोडताना फिल्टरनंतर जोडा, गढूळ पाण्यातून प्रकाश आत जात नाही. बोअरचं पाणी असेल तर लॅम्पभोवतीच्या क्वार्ट्झच्या नळीवर पांढरा थर चढतोच, म्हणून सायट्रिक ॲसिड किंवा व्हिनेगर आणि मऊ कापड जवळ ठेवा, एक ओ-रिंग (गळती रोखणारी रबराची रिंग) जास्तीची घ्या, नळी उघडली की जुनी हमखास गळते. साधी काच चालत नाही बरं का, ती हा प्रकाश अडवते. लॅम्प कापडाने धरा, बोटांचे डाग पडू देऊ नका.

लाईनचं काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, पाण्याजवळचं आहे. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच), नीट अर्थिंग, आणि यूव्ही न पंप एकाच स्विचवर, म्हणजे पंप बंद तर लॅम्प पण बंद. पेटलेला लॅम्प बाहेर काढून बघायचा नाही, डोळे न कातडी दोन्ही भाजतात, आत काय चाललंय ते दाखवायला पारदर्शक खिडकी दिलेली असते.

एअर पंप बॅटरीवर चालणारा घेऊन ठेवा. गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी, त्यात मेलेलं शेवाळ सडताना अजून ओढतं, आणि वरून लाईन गेली तर कोई माशांचे हाल होतात. फिल्टरमध्ये पाणी साफ ठेवणारे नवीन बॅक्टेरिया टाकले असतील किंवा माशांना औषध चालू असेल तर तेवढे दिवस यूव्ही बंद.

लॅम्प लावला त्या दिवशीची तारीख मार्करने बॉडीवर लिहा. निळा उजेड दिसत राहतो पण साधारण ८००० तासांनंतर, म्हणजे अकरा महिन्यांत, आतला दम गेलेला असतो, म्हणून दर मार्चला नवीन. जुन्यात पारा असतो, कचरागाडीत टाकू नका, ई-वेस्ट घेणाऱ्याला द्या, आणि फुटला तर खिडक्या उघडून जरा बाहेर थांबा, मग हातमोजे घालून जाड कागदाने तुकडे गोळा करा, झाडू फिरवू नका.