युद्धकाळातली रेल्वे मासिकं जमवताय? या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे जो अंक कधी निघालाच नाही तो शोधत बसणं. ब्रिटनचं 'द रेल्वे मॅगझिन' १८९७ पासूनचं मासिक, पण कागदाच्या टंचाईमुळे १९४२ मध्ये ते द्वैमासिक झालं आणि १९४९ पर्यंत तसंच राहिलं, म्हणजे १९४३ चे अंक सहाच, बारा नाहीत. तरी लोक यादीत बारा रकाने आखतात, सहा रिकामे राहिले की झोप उडते आणि विकणारा "ते फार रेअर आहेत हो" म्हणत मजा बघतो.

अमेरिकेच्या 'ट्रेन्स'चा घोळ वेगळा. पहिला अंक नोव्हेंबर १९४० चा, त्यामुळे खंड तिथून मोजायचा. "खंड ३ कम्प्लीट" म्हणजे १९४३ साल नव्हे, तर नोव्हेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४३. हे न बघता घेतलं की दोन अंक डबल येतात आणि दोन कमी पडतात. 'रेलरोड मॅगझिन' तर १९३७ च्या आधी वेगळ्या नावाने निघायचं, जुन्या नावाने सर्च केलंत तर युद्धातला एकही अंक सापडणार नाही.

आता बाइंड केलेले खंड. दिसायला मस्त, भावही बरा, पण बाइंडरने बऱ्याचदा कव्हर आणि जाहिरातींची पानं काढून टाकलेली असतात, कडाही कापलेल्या असतात. आणि माझ्या मते युद्धकाळातली खरी गंमत जाहिरातींतच आहे. सैनिकांनी भरलेल्या गाड्या, "गरज नसेल तर प्रवास टाळा" अशी विनवणी, म्हणजे रेल्वे कंपनी स्वतःच गिऱ्हाइकाला येऊ नको सांगतेय! ते गेलं तर उरलं काय? म्हणून सुटे अंकच घ्या असं मी म्हणेन.

सुट्या अंकातसुद्धा कुणीतरी चित्रासाठी पान कापलेलं असू शकतं. मध्ये स्टेपल मारलेला अंक असेल तर सोपी ट्रिक आहे, प्रत्येक पानाचं जोडपान दुसऱ्या अर्ध्यात असतं, एक कापलं की दुसरं सैल पडतं, तेव्हा हलक्या हाताने चाळून कुठलं पान सुटतंय ते बघा आणि पानांचे नंबर मोजा. अंक पातळ दिसला म्हणून लगेच पानं गायब समजू नका, तेव्हा कागदच मोजून मिळायचा. वर रद्दी गोळा करायच्या सरकारी मोहिमा होत्याच, कितीतरी जुने अंक त्यात लगद्याला गेले.

घरी आणल्यावरच्या चुका त्याहून वाईट. त्या काळचा बराचसा कागद लाकडाच्या लगद्याचा, ॲसिडवाला, उन्हात तांबूस होतो आणि कोपरे पापडासारखे मोडतात. सेलोटेप लावू नका, डिंक पिवळा पडून शाईत उतरतो. लॅमिनेशन तर नकोच नको. पीव्हीसीच्या पिशव्या टाळा, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टरच्या घ्या, मागे ॲसिड-फ्री पुठ्ठा. स्टेपल गंजले असतील तर ओढून काढू नका, आधी त्यांचे वळलेले पाय सरळ करा.

कुबट वास येत असेल तर तो अंक बाकीच्यांत मिसळू नका. परफ्यूम, अत्तर असले प्रयोग नकोत. बंद डब्यात एका बाजूला उघड्या वाटीत खाण्याचा सोडा ठेवा, अंकाला लागू न देता. काळे-हिरवे ठिपके असतील तर तो वास नाही, बुरशी आहे, असा अंक विकतच घेऊ नका.