जुन्या बुलेटची चासी बदलायला निघालात? आधी या चुका टाळा

पेठ रोडला सावळ घाट उतरताना भर पावसात एका खड्ड्यानं माझ्या बुलेटला गिळलं आणि परत बाहेर टाकलं. वडिलांची १९७१ ची गाडी. पडलो नाही, पण नाशिकला येईपर्यंत तिला सरळ ठेवायला हँडल उजवीकडे ओढून धरावं लागत होतं. गॅरेजवाल्यानं तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि निकाल दिला, "चासी गेली. दुसरी टाकू, स्वस्तात पडेल." चासी म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. मी मान डोलावली. पुढचे सहा महिने त्या मान डोलावण्यात गेले.

सगळं खापर चासीवर फोडू नका

गाडी एका बाजूला ओढते याची निम्मी कारणं चासीच्या बाहेर असतात. चाकाची रिम वाकडी फिरते का? चेन अ‍ॅडजस्टर दोन्ही बाजूंना सारख्या खुणेवर आहेत का? चिमट्याचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याचे, बुश झिजलेत का? मागचं चाक हातात धरून आडवं हलवलं आणि चिमट्याच्या मुळाशी 'टक' झालं, तर आधी बुश बदला. कोनसेटमध्ये, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमध्ये, खाच पडली असेल तर हँडल मधोमध अडकतं आणि गाडी नागमोडी चालते. तोही चासीचा दोष नव्हे.

हे सगळं पाहून झालं की दोरी लावा. गाडी सेंटर स्टँडवर, मागच्या टायरला दोन्ही बाजूंनी टेकवून दोन दोऱ्या ताणून पुढच्या चाकापर्यंत न्यायच्या. पुढचा टायर ३.२५ आणि मागचा ३.५० असेल, तर पुढे दोन्ही बाजूंना साधारण तीन-तीन मिलिमीटर फट दिसली पाहिजे. एका बाजूला दोरी घासते आणि दुसऱ्या बाजूला बोट जातं, असं झालं की शंका घ्यायला जागा आहे.

मग फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाइप. दोन्ही पाइपांवर जाड काचेचा तुकडा आडवा ठेवा. तो लंगडा बसला, डुगडुगला, तर पाइप एकमेकांशी समांतर नाहीत. पुष्कळदा काहीच वाकलेलं नसतं, धक्क्यानं पाइप टीमध्ये, म्हणजे दोन्ही पाइप आवळून धरणाऱ्या आडव्या तुकड्यात, फिरलेले असतात. टीचे बोल्ट सैल करा, पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल सरळ करा आणि पुन्हा आवळा. माझ्या गाडीचा खालचा टी खरोखर वाकला होता. म्हणजे गाडी ओढत होती त्याच्यामुळे. चासीचं दुखणं वेगळंच होतं आणि ते अजून कुणी पाहिलंही नव्हतं.

तडा रंगाखाली लपतो

रंगाला सुरकुती पडलेली, रंगातून गंजाची केसासारखी बारीक रेघ बाहेर आलेली, ही तड्याची पहिली चिन्हं. कुठे पाहायचं? हँडल ज्या नळीत फिरतं तिच्या खालच्या बाजूला, पुढच्या उभ्या पाइपवर, चिमट्याच्या पिनपाशी, स्टँडच्या कानांपाशी. रंग खरवडून लोखंड उघडं करा. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे डीपी टेस्टचे, म्हणजे शाईनं तडा शोधायचे, स्प्रे असतात. लाल शाई मारायची, पुसायची, वरून पांढरा डेव्हलपर. तडा असेल तिथे लाल रेघ उमटते. ते जमत नसेल तर रॉकेल लावा, तासाभरानं कोरडं पुसा आणि खडूची पूड चोळा. तड्यात शिरलेलं रॉकेल पुडीत ओली रेघ काढतं. माझ्या पुढच्या पाइपवर, इंजिन प्लेटच्या वर, अशी अर्ध्या बोटाची रेघ निघाली.

ग्रिलवाल्याकडून आर्क वेल्डिंग मारून घेणं

ही माझी सगळ्यात महागात पडलेली चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कोपऱ्यावर दरवाज्याच्या ग्रिल बनवणाऱ्यानं दहा मिनिटांत तडा भरून दिला. वरून ग्राइंडर फिरवला, गुळगुळीत. तिसऱ्या महिन्यात तडा पुन्हा आला, भरलेल्या जागेवर नाही, तिच्या बाजूला बोटभर अंतरावर.

सातपूरला एका जुन्या वेल्डरकडे नेली. त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, जोडावर नख फिरवलं आणि विचारलं, "ग्राइंडर कोणी मारला?"

मी म्हणालो, "चाचा, वाईट दिसत होतं म्हणून..."

"दिसायचं काय करायचंय भाऊ? जे मटेरियल भरलं तेच घासून काढलं. आणि तड्याचं टोक मोकळंच सोडलंय, तो चालत राहणारच."

तड्याच्या दोन्ही टोकांना आधी तीन मिलिमीटरचं भोक पाडायचं, म्हणजे तो पुढे पळत नाही. मग तड्यावर व्ही आकाराची खाच घेऊन आतपर्यंत भरायचं. पाइपची भिंत पातळ असते. आर्कच्या जाड रॉडनं ती एक तर जळून भोक पडतं, नाही तर बाजूचं लोखंड कडक होऊन ठिसूळ बनतं, आणि नवा तडा तिथेच जातो. टिग वेल्डिंग (बारीक, ताब्यात राहणाऱ्या ज्योतीसारख्या आर्कचं वेल्डिंग) करणारा शोधा. उष्णता त्याच्या हातात राहते. पाइप गंजून कागद झाला असेल तर तेवढा भाग कापून, आत घट्ट बसणारी नळी घालून जोडतात.

दुसरी गोष्ट मला चाचांनी दाखवली. जोड खरवडल्यावर पिवळी रेघ दिसली तर तो पितळानं जोडलेला आहे. त्यावर आर्क किंवा टिग मारायचा नाही. पितळ वेल्डमध्ये मिसळतं आणि जोड फुटका होतो. पितळाला पितळच, गॅसच्या ज्योतीवर. आणि वाकलेली चासी सरळ करताना अशा जोडाजवळ लाल होईपर्यंत तापवलं की संपलं. ते पितळ साधारण ९०० अंशांच्या आसपास वितळतं.

इंजिन काढून चासी सरळ करणं

जुन्या बुलेटच्या चासीत इंजिनाखालून जाणारा पाइप नाही. पुढचा उभा पाइप इंजिनाच्या प्लेटपाशी संपतो आणि खालची कडी इंजिन स्वतः पूर्ण करतं. इंजिन काढलं की पाइप मोकळा लोंबतो. तसाच जॅक लावून सरळ केला, तर नंतर बोल्टची भोकं जुळत नाहीत, आणि मग मेकॅनिक भोकंच कानसीनं मोठी करतो. उपाय सोपा आहे: जुनं रिकामं क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, मिळवा, बोल्टनं चासीत आवळा आणि मग बाक काढा. जावा मोटरसायकलची गोष्ट वेगळी, तिच्या चासीचे पाइप चौकोनी. गोल पाइप वाकवणाऱ्याच्या मशिनवर तिला चढवू नका.

भंगारातली चासी

अंबड-सातपूर लिंक रोडच्या भंगार बाजारावर महापालिकेनं २०१७ मध्ये मोठी कारवाई केली, तरी चासी 'मिळवून देणारे' गावात आजही भेटतात. त्यांना एकच प्रश्न विचारा: हिचं आरसी बुक कुठे आहे? चासीवरचा नंबर म्हणजे गाडी. दुसऱ्याच्या नंबरची चासी घातली की तुमची आरसी वेगळ्याच गाडीची होते. तिच्यावर चोरीची नोंद निघाली तर पोलिसांना तुम्ही काय सांगणार? 'जुना नंबर घासून तुमचा पंच करून देतो' असं कुणी म्हणालं, तर तिथून उठा. तो सरळसरळ गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. चासी बदलणं अगदीच अटळ असेल, तर पैसे देण्याआधी पेठ रोडला आरटीओत जाऊन लेखी विचारा.

आणखी एक. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली दुचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण चासीत आणि इंजिनात फेरफार झालेला नसावा लागतो. वडिलांची गाडी त्या वयाची झालीय. हजार-दोन हजार वाचवायला मी तिचा हा हक्क घालवणार होतो.

रंगाच्या घाईत नंबर आणि अर्थिंग विसरणं

शॉट ब्लास्टिंगला (छर्‍यांच्या माऱ्यानं जुना रंग-गंज काढायला) देण्याआधी नंबरचे फोटो काढा, कागद ठेवून पेन्सिलीचा प्रिंट घ्या आणि त्या जागेवर जाड टेप लावा. ब्लास्टिंगनं नंबर पुसट होतो, वर पावडर कोटिंग बसलं की उरलेलाही भरून जातो. कोनसेटच्या वाट्या बसतात त्या जागा, चिमट्याची पिन आणि आटे हेही झाकायला सांगा, नाही तर नंतर पावडर खरवडत बसाल.

इंजिन बसवताना सगळे बोल्ट आधी सैल घाला, शेवटी आवळा. एक आवळून दुसरा हातोडीनं ठोकलात, तर चासी पहिल्या दिवसापासून ताणात राहते. इंजिनाच्या हेडला वरून चासीशी धरणारी पट्टी 'काही होत नाही' म्हणून वगळू नका. माझ्या गाडीची कधीची गायब होती, आणि चाचांचं मत होतं की पहिला तडा तिथूनच सुरू झाला.

सगळं जोडून किक मारली तर लाइट मिणमिणता, हॉर्न मेलेला. वायरिंग उचकटायला घेतलं होतं, तेवढ्यात लक्षात आलं: अर्थिंगची वायर, म्हणजे बॅटरीचं एक टोक चासीला जोडणारी, पावडर कोटिंगच्या वर बसली होती. सहा व्होल्टच्या गाडीला एवढंही पुरतं. बोल्टखालचा रंग सँडपेपरनं घासला आणि हॉर्नला आवाज आला.